मराठी भयपटाच्या पोस्टरवर भूत दाखवावे का, आणि काळा रंग कागदावर कसा उतरवावा?

रेखाटनवही (प्रश्न)

नमस्कार. मी ९ वर्षांपासून पुस्तकांची मुखपृष्ठे आणि नाटकांच्या जाहिराती करतो. चित्रपटाचे पोस्टर प्रथमच हाती आले आहे, आणि तो चित्रपट भयपट आहे. निर्मात्यांनी नाव अजून जाहीर केलेले नसल्यामुळे येथे देता येत नाही. ते चार अक्षरांचे आहे, त्यात एक दीर्घ वेलांटी आणि एक रफार आहे, एवढे अक्षरांविषयी मत देणाऱ्यांना पुरेल असे वाटते.

कथा रत्नागिरी जिल्ह्यातील एका कौलारू घरात घडते. गणपतीसाठी मुंबईहून चाकरमानी कुटुंब गावी येते. पहिल्या दिवशी दुपारच्या पंगतीत माणसांपेक्षा एक पान जास्त मांडलेले असते. ते कोणी मांडले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ते उचलावे असेही कोणाच्या मनात येत नाही. पुढे रोज तेच घडते. विसर्जन होते, पितृपक्ष लागतो, आणि तेव्हा त्या पानाचा धनी कोण हे उलगडते. प्रत्यक्ष भूत म्हणावे असे काही संपूर्ण चित्रपटात दोनदाच दिसते, तेही डोळे मिटून उघडावेत एवढ्या वेळापुरते.

निर्मात्यांची अपेक्षा स्पष्ट आहे. मध्यभागी मोकळ्या केसांची, पांढऱ्या साडीतील, लाल डोळ्यांची बाई, तिच्याभोवती चार प्रमुख कलावंतांचे चेहरे, खाली रक्त ओघळणाऱ्या लाल अक्षरांत नाव आणि उरलेले सगळे काळे. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. भांडवल थोडे आहे, कलावंत फारसे ओळखीचे नाहीत, आणि चिपळूणच्या एसटी स्थानकाबाहेर फ्लेक्स पाहणाऱ्या माणसाला हा भयपट आहे हे जाता जाता कळले नाही तर तो तिकीट काढणार नाही, ही त्यांची काळजी खरी आहे.

मी आतापर्यंत तीन मसुदे केले: विजेच्या लखलखाटातील घर, दारात पाठमोरी उभी असलेली बाई, आणि वरून डोकावून पाहिलेली विहीर. तिन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर हे सगळे आपण यापूर्वी कुठेतरी पाहिलेले आहे असे माझे मलाच वाटले. शिवाय घराच्या मसुद्याचे प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काढून आणले, तर संगणकाच्या पडद्यावर स्पष्ट दिसणारी कौले, दार आणि पायऱ्या कागदावर एकाच काळ्या लगद्यात बुडून गेल्या होत्या.

भूत दाखवावे की नाही, दाखवायचे नसल्यास त्याच्या जागी काय ठेवावे, नावाची अक्षरे कशी असावीत आणि अंधार छापावा कसा, या चार गोष्टींवर अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

---

जुना बॅनरवाला

उमेदवारीच्या काळात मी मुंबईत बॅनर रंगवणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली काम केले आहे, म्हणून प्रथम निर्मात्यांची बाजू मांडतो. पोस्टर ही हातात धरून न्याहाळण्याची वस्तू कधीच नव्हती. ३० × ४० इंचांचे वन शीट, सहा कागद जोडून भिंतीवर चिकटवायचे सिक्स शीट, आणि त्याहून मोठी, चौकात उभी राहणारी बॅनरे हे सर्व धावत्या बसमधून, पावसातून, गर्दीच्या डोक्यांवरून दिसावे म्हणून केलेले असे. चेहऱ्याच्या एका बाजूला निळा किंवा हिरवा आणि दुसऱ्या बाजूला तांबडा-नारिंगी रंग सुरीने जाड थापण्याची जी पद्धत रूढ झाली, ती हौसेखातर आलेली नव्हती. लांबून पाहताना मधले सगळे बारकावे नाहीसे होतात आणि ते दोन रंगच चेहऱ्याला घडण देतात.

आता पांढऱ्या साडीविषयी. १९४९ च्या 'महल'मध्ये मधुबाला होती आणि १९६४ च्या 'वो कौन थी'मध्ये साधना होती. दोन्ही कथांत अखेर भूत निघत नाही, माणसाचीच करणी निघते. त्यामुळे त्या गूढ स्त्रीचा चेहरा दाखवण्यात काही हरवत नव्हते. उलट, तो चेहरा पाहण्यासाठीच लोक येत होते, आणि इतकी सुंदर बाई भूत असेल का, हाच प्रश्न त्यांना तिकिटाच्या खिडकीपर्यंत नेत होता. पुढे हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा काळ आला. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी हा खराखुरा राक्षस होता आणि अजय अगरवाल या असामान्य उंचीच्या नटाने तो उभा केला होता. तेथे रंगभूषा आणि देहयष्टी हेच आकर्षण होते, म्हणून ते दाखवणे योग्यच ठरत होते.

तुमच्याकडे ती नटीही नाही आणि तो राक्षसही नाही. त्या दोघांसाठी घडलेली चौकट तुम्ही उसनी घेतलीत तर ती रिकामी दिसेल, आणि निर्मात्यांना ज्या फायद्याची आशा आहे तो फायदाही होणार नाही. तुमच्या कथेत इतरांकडे नसलेली एकच गोष्ट आहे, ते जास्तीचे पान. मी तुमच्या जागी असतो तर घर, बाई आणि विहीर तिन्ही बाजूला ठेवून त्या पानावर काम केले असते. मात्र लांबून एकच मोठा आकार आणि एकच उजेड दिसला पाहिजे, एवढे जुन्या कामातले सोडू नका.

---

चौकटीबाहेर

मी उपयोजित कला शिकवते. पानाच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ती सूचना का चालेल आणि कोठे अडेल, दोन्ही सांगते.

विद्यार्थ्यांना मी १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट'चे पोस्टर नेहमी दाखवते. त्यावर पछाडलेली मुलगी नाही आणि सैतानही नाही. टोपी घातलेला, हातात बॅग असलेला एक माणूस रात्री एका घरासमोर उभा आहे आणि वरच्या खिडकीतून आलेला प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचतो आहे. ते दृश्य चित्रपटातलेच असून त्यामागे रने माग्रीत या बेल्जियन चित्रकाराच्या 'प्रकाशाचे साम्राज्य' या चित्रमालिकेची प्रेरणा होती. माणूस अंधारात आहे, तरीही आपल्याला त्याच्याविषयी भीती वाटते ती त्या उजळलेल्या खिडकीमुळे. एरवी रात्रीच्या वेळी खिडकीतला दिवा म्हणजे कोणीतरी आपली वाट पाहते आहे याची खूण. त्या खुणेचा अर्थ तेथे फिरवला आहे, आणि हा फेर समजावून सांगणारा एकही शब्द चित्रात नाही.

१९६८ च्या 'रोझमेरीज बेबी'च्या पोस्टरवर हिरव्या छटेतला स्त्रीचा आडवा चेहरा आहे आणि त्यावर खडकाळ उंचवट्यावर एक बाबागाडी एकटी उभी आहे. बाबागाडीत भिण्यासारखे काय आहे? काहीच नाही. ती जेथे असायला हवी तेथे ती नाही, एवढेच. घरातील वस्तू आपल्या इतक्या ओळखीची असते की ती थोडी जरी जागची हलली तरी डोळा अडखळतो, आणि कारण कळण्याआधी अस्वस्थता येते. मुखवटा पाहून दचकणे लगेच ओसरते, हे अडखळणे मात्र टिकते.

तुमचे पान याच जातीचे आहे. त्यावर काम करताना एक अडचण येईल. प्रेक्षक पोस्टरवर माणसे आणि पाने मोजत बसणार नाही. पंगतीत एक जागा रिकामी दिसली तर वाढायला उठलेल्या कोणाची तरी ती असेल असे तो समजेल आणि पुढे जाईल. म्हणजे 'जास्तीचे' हे चित्रात दिसत नाही, ते कथेतच कळते. ते पान इतर पानांहून वेगळे आहे हे पाहताक्षणी कळेल अशी खूण शोधावी लागेल, आणि ती बाहेरून चिकटवलेली नसावी. पानावर रक्ताचा थेंब टाकण्याचा मोह होईल, तो कृपया टाळा. रक्त आले की प्रेक्षकाला उत्तर मिळते आणि त्याचे पाहणे तेथेच थांबते.

चेहऱ्यांविषयी निर्मात्यांचा आग्रह असेल तर कलावंतांना पंगतीतच बसवा. सर्वांच्या माना खाली, पानाकडे, आणि एकटीच बाई मान वर करून त्या रिकाम्या पाटाकडे पाहते आहे, असे केले तर चेहराही मिळतो आणि पाहणाऱ्याची नजरही हव्या त्या ठिकाणी जाते.

---

मागीलदार

मी चित्रकार नाही. माझे माहेर राजापूर तालुक्यातले आहे आणि लहानपणापासून गणपतीच्या पंगतींत पाने मांडण्याचे काम मी केले आहे, म्हणून लिहिते आहे. वर विचारलेली खूण आमच्या घरांत आधीपासूनच आहे.

सणाच्या पंगतीत पानाभोवती रांगोळीची महिरप काढतात. श्राद्धाच्या पानाला रांगोळी नसते, आणि त्या दिवशी दारातही रांगोळी काढत नाहीत. सारवलेल्या जमिनीवर ओळीने दहा पाने, नऊ पानांभोवती पांढरी महिरप, आणि एका पानाभोवती नुसती काळसर जमीन, हे चित्र डोळ्यांसमोर आले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. महिरप काढायची विसरली असेल असे कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. आणखी बारकाई हवी असेल तर इतर पानांवर उकडीचे मोदक असावेत आणि त्या एका पानावर खीर, वडे आणि आमसुलाची चटणी असावी. हे सर्वांच्या लक्षात येणार नाही. ज्यांच्या लक्षात येईल ते मात्र घरी जाऊन दहा जणांना सांगतील.

छायाचित्र घेताना एक गोष्ट कटाक्षाने सांभाळा. केळीच्या पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाज्या उजवीकडे वाढतात. मांडणी सोयीची व्हावी म्हणून संगणकावर चित्र डावे-उजवे उलटवण्याची सवय असते असे ऐकून आहे. तसे केलेत तर पानाची टोके फिरतील, पदर उजव्या खांद्यावर जातील आणि सगळी पंगत डाव्या हाताने जेवू लागेल. आमच्या घरातील बायकांना ते एका नजरेत दिसेल, आणि मग त्या एका पानाचा वेगळेपणा चुकांच्या गर्दीत हरवेल.

पांढऱ्या साडीविषयीही थोडे सांगावेसे वाटते. कोकणातील ब्राह्मण घरांत पूर्वी ज्या विधवांचे केशवपन होत असे त्या तांबडे आलवण, म्हणजे तांबडे लुगडे, नेसत. पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली बाई ही आमच्या माजघरातून आलेली नाही, ती हिंदी पडद्यावरून आलेली आहे. त्या बायकांनी जिवंतपणी जे सोसले ते थोडे नव्हते, आणि मेल्यानंतर सर्वांना भिववण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवावे हे मला मनापासून खटकते. तुमच्या कथेतील व्यक्ती कोण आहे ते मला माहीत नाही, पण तिची ओळख तिच्या साडीवरून न देता तिच्या रिकाम्या पाटावरून द्यावी, अशी विनंती आहे.

पोस्टरवर एखादी ओळ लागणार असेल तर एक सुचवते: 'पाने मोजून मांडा.' आमची आजी आम्हांला रोज हेच सांगत असे.

---

रेखाटनवही

आपणा तिघांचे मनापासून आभार. महिरपीची सूचना वाचल्यावर मी त्याच रात्री कच्चे रेखाटन केले आणि सकाळी दिग्दर्शकांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ हातातून खाली ठेवले नाही. 'पाने मोजून मांडा' ही ओळ त्यांना इतकी आवडली की संवादातही ती घेता येईल का याचा ते विचार करत आहेत.

निर्मात्यांचे दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. पंगत, केळीची पाने आणि मोदक पाहून हा कौटुंबिक चित्रपट वाटेल, हा पहिला. दुसरा असा की आता निम्मे प्रेक्षक पोस्टर प्रथम मोबाइलवर, तिकिटांच्या ॲपमध्ये, अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात पाहतात, आणि तेथे दहा पानांतील एका पानाची महिरप नाही हे कोणाला दिसणार? शिवाय छपाईच्या लगद्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

---

शाई आणि कागद

मी ऑफसेट छपाईत आहे. आपल्या प्रूफाचे काय झाले असावे ते सांगतो, त्यातून पहिल्या आक्षेपाचे उत्तरही निघेल असे वाटते.

पडद्यावरचा काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव असतो, आणि त्याच्या अलीकडच्या गडद छटा पडदा स्वतःच्या उजेडाने वेगळ्या दाखवू शकतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. शाईचा प्रत्येक ठिपका कागदावर थोडा पसरतो, आणि गडद भागात ठिपके इतके जवळ असतात की ते पसरून एकमेकांना मिळतात. छटेचा टक्का म्हणजे कागदाचा किती भाग शाईने झाकला ते. वर्तमानपत्राच्या कागदावर साधारण ८५ टक्क्यांपुढची छटा भरीव काळी झालीच असे धरून चालावे. तुमची कौले, दार आणि पायऱ्या बहुधा ९० ते १०० टक्क्यांच्या पट्टीत असतील. ज्या वस्तू दिसायला हव्यात त्यांच्या छटा ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत उचला. पडद्यावर त्या अति उजळ वाटतील, त्याकडे दुर्लक्ष करा.

दुसरे असे की नुसती काळी शाई १०० टक्के लावली तर आर्ट पेपरवर, म्हणजे पोस्टरच्या गुळगुळीत कागदावरसुद्धा ती करडी आणि फिकी दिसते. खोल अंधार हवा असेल तर काळ्याखाली इतर तीन शायांचा आधार द्यावा लागतो: निळी ६०, किरमिजी ४०, पिवळी ४० आणि काळी १००, म्हणजे एकूण २४० टक्के. आर्ट पेपर साधारण ३०० टक्क्यांपर्यंत शाई पेलतो, त्यामुळे तेथे अडचण नाही. वर्तमानपत्राचा कागद २४० च्या आसपासच हात टेकतो, म्हणून त्या जाहिरातीची फाइल वेगळी करा, पोस्टरची फाइल लहान करून पाठवू नका. चारही शाया मिळून जो काळा होतो त्यात पांढरी बारीक अक्षरे कोरली की एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येते. अशा अक्षरांभोवती नुसत्या काळ्या शाईची बारीक किनार राखून इतर तीन शाया थोड्या मागे घेतात. आपल्या छपाईवाल्याला हे आधीच सांगून ठेवा.

लाल अक्षरांविषयी. काळ्यावर लाल म्हणजे भय, ही समजूत इतकी पक्की आहे की ते वाचता येते का हे कोणी तपासत नाही. पडद्यावर शुद्ध पांढरा आणि काळा यांच्या उजळपणाचे गुणोत्तर २१ ला १ असते, शुद्ध लाल आणि काळा यांचे साधारण सव्वापाच ला १. छपाईतला लाल त्याहूनही गडद असतो. त्यात संध्याकाळ झाली की माणसाच्या डोळ्याला लाल रंग इतर रंगांच्या आधी काळवंडलेला दिसू लागतो आणि निळसर-हिरवा तुलनेने उजळ राहतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवलेली ही गोष्ट कोणीही दिवेलागणीला अंगणातल्या जास्वंदीकडे पाहून पडताळू शकतो, फुले विझतात आणि पाने दिसत राहतात. एसटी स्थानकाबाहेरच्या फ्लेक्सवर ज्या वेळी सर्वांत जास्त नजर पडते त्याच वेळी तुमचे लाल नाव नाहीसे झालेले असेल.

आता पंगतीकडे येतो. सारवलेली जमीन गडद, केळीचे पान हिरवे, महिरप पांढरी. संध्याकाळच्या डोळ्याला जे दोन रंग टिकतात तेच तुमच्या हाती आयते आले आहेत. महिरपीचा पांढरा हा कोरा कागदच आहे, त्याच्याहून उजळ असे छपाईत काहीच नसते. जमीन खोल काळ्याकडे न्या, पाटांचे आणि माणसांचे रंग काढून घ्या, आणि समई एकच ठेवा, तीही त्या एका पानापासून सर्वांत दूर. मग ही पंगत कौटुंबिक चित्रपटाची वाटणार नाही. कौटुंबिक चित्रपटाच्या पोस्टरवर माणसे उजेडात असतात, येथे फक्त पाने उजेडात असतील.

मोबाइलच्या आकारासाठी चित्र लहान न करता वेगळे कापा. दहा पाने नकोत, दोनच घ्या: एक महिरपीचे आणि त्याच्या शेजारी ते दुसरे.

---

अक्षरवेडी

अक्षरांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. देवनागरी सुलेखन हाच माझा व्यवसाय आहे.

रक्त ओघळणारी अक्षरे रोमन लिपीतून आली आहेत आणि तेथे ती निदान आकाराला धरून असतात. रोमन मोठी अक्षरे एका रेषेवर उभी असतात, त्यांच्या खाली मोकळी जागा असते, त्यामुळे ओघळाला उतरायला वाव मिळतो. आपली अक्षरे शिरोरेखेवरून लोंबतात, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्या जागेत ओघळ आले की अक्षर आणि ओघळ यांतला फरक डोळ्याला कळत नाही, आणि काना कोणता, रक्त कोणते, हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. लहान आकारात तर ते सरळ वेगळेच अक्षर वाटू शकते.

मराठी वाचकाचा डोळा नाटकांच्या जाहिरातींनी घडवला आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची जी अक्षरे केली त्यांत नावाच्या अर्थासाठी बाहेरून सजावट आणलेली सहसा दिसत नाही, अर्थ अक्षराच्या घडणीतच उतरलेला असतो. आपण स्वतः नाटकांच्या जाहिराती केल्या आहेत, तेव्हा हे मी आपल्याला सांगायला नको. भयपट आला म्हणून ती शिस्त सोडू नये, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या चार अक्षरी नावासाठी माझी सूचना अशी. अक्षरे जाड, शांत, जुन्या घराच्या दारावरील पाटीसारखी करावीत. शिरोरेखा सलग, एखाद्या वाशासारखी आडवी असावी, आणि ती फक्त एका अक्षरावर नसावी. पंगतीत एका पानाला महिरप नाही, नावात एका अक्षराला शिरोरेखा नाही. शिरोरेखा नसली तरी बहुतेक अक्षरे ओळखता येतात, गुजराती लिपी तर तिच्यावाचूनच चालते. फक्त 'भ' आणि 'म', तसेच 'ध' आणि 'घ' या जोड्यांत गोंधळ होऊ शकतो, म्हणून त्यांपैकी अक्षर असेल तर दुसरे निवडा. वेलांटी आणि रफार यांना हात लावू नका. वेलांटीचे बोट किंवा कावळ्याची चोच करण्याची कल्पना कोणीतरी सुचवीलच, ती या कामाला फार हलकी वाटेल.

श्रेयनामावलीसाठी आधीच जागा राखा. इंग्रजी पोस्टरांवर तळाशी जी उंच, चिमटलेली अक्षरे असतात तसा ठसा देवनागरीत चालत नाही, कारण मात्रा वर आणि उकार खाली जातात आणि दोन ओळी एकमेकींत अडकतात. तेवढ्याच उंचीत इंग्रजीच्या पाच ओळी बसत असतील तर आपल्या तीनच बसतील. सेन्सॉर प्रमाणपत्राचा वर्गही त्याच पट्टीत दाखवावा लागेल, आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे वयानुसार भाग झाल्यामुळे त्या खुणेला पूर्वीपेक्षा थोडी अधिक रुंदी लागते. ही पट्टी शेवटी कोंबली की खालची पाने कापली जातात.

---

रेखाटनवही

सर्वांच्या सूचना घेऊन आठवडाभर काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

दिग्दर्शकांच्या ओळखीने एका घराचे माजघर मिळाले. जमीन तेथेच सारवून घेतली आणि महिरपी त्या घरातील दोन आजींनी काढल्या. दहावे पान मोकळे सोडायचे आहे असे सांगितल्यावर त्यांपैकी एकीने हात थांबवला, आमच्याकडे पाहिले आणि ते पान मांडायला नकार दिला. शेवटी ते मी मांडले. कॅमेरा त्या पानाच्या मागे, पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, त्यामुळे पोस्टर पाहणारा त्या रिकाम्या पाटावर बसूनच पंगतीकडे पाहतो. हे आधी ठरवलेले नव्हते, समईची जागा बदलताना सुचले. समोरच्या ओळीतील एकटी नायिका मान वर करून थेट आपल्याकडे पाहते, बाकीचे जेवत आहेत.

निर्मात्यांनी पोस्टर आणि मोबाइलचे चित्र मान्य केले आहे. फ्लेक्सवर मात्र चारही चेहरे हवेतच असे त्यांचे म्हणणे आहे. त्यासाठी चौघांनाही मान वर करून पाहायला लावलेले वेगळे छायाचित्र घेतले आहे. मला ते पोस्टराइतके चांगले वाटत नाही, पण पांढरी साडी आणि लाल डोळे गेले याचे समाधान आहे. नाव पांढऱ्यात आहे, तिसऱ्या अक्षरावर शिरोरेखा नाही. जमिनीची छटा ७५ टक्क्यांवर ठेवली आहे आणि नवे प्रूफ उद्या येईल.

एक शंका राहिली आहे. माझ्या मांडणीत महिरपीची रेघ काही ठिकाणी फार बारीक आहे. किती जाडी ठेवावी?

---

शाई आणि कागद

पोस्टरवर अर्ध्या मिलिमीटरहून कमी नको, वर्तमानपत्रात त्याच्या दुप्पट ठेवा. हाताने काढलेल्या रेघेचा चढउतार राहू द्या, सगळीकडे सारखी जाडी करू नका, नाहीतर ती आजींनी काढलेली वाटणार नाही. प्रूफ आले की ते खोलीतल्या ट्यूबखाली एकदा पाहा आणि दिवे लागायच्या वेळी बाहेर भिंतीवर लावून, २० पावले मागे जाऊन पुन्हा एकदा पाहा. तेथून नऊ महिरपी मोजता आल्या तर छपाईला हरकत नाही.